टोकन नंबर त्रेचाळीस

जपमाळ जमा करावी लागली.
मोबाईल, घड्याळ, डायरी आणि ती.
काउंटरवरच्या ताईंनी दोऱ्याने चिठ्ठी बांधली : ४३.
"गळ्यात काही?" क्रूस होता. तोही दिला.
मानेवर फिकट कातडीची एक रेघ राहिली,
ती मात्र कुणी मागितली नाही.

पहाटे चारला घंटा.
घंटेवर उठायची सवय मला जुनीच.
वैजापूरकडच्या आमच्या मिशनच्या गावात
दुपारी बाराला देवळाची घंटा झाली
की कपाशी वेचणाऱ्या बाया कमरेत ताठ व्हायच्या,
ओटीत कापूस तसाच, ओठ हलायला लागायचे.
वडील कॅटेकिस्ट. मी हट्टाने दोरी धरायचे
आणि दोरीसोबत वीतभर वर जायचे.
इथे घंटा झाली आणि पुटपुटायला काहीच नव्हतं.
नाकाखाली, ओठाच्या वर, एवढीशी जागा.
तिथे लक्ष ठेवा म्हणाले.

ठेवलं.
तिसऱ्या दिवशी गुडघ्यांनी ओळख दाखवली.
हे दुखणं माहितीतलं होतं :
उपवासकाळ, शुक्रवारची क्रुसाची वाट,
चौदा ठिकाणी शहाबादी फरशीला टेकलेले गुडघे.
तेव्हा दुखणं कुणाला तरी वाहायचं असायचं.
आता नुसतं बघायचं.
कुणाला न देता ते ठेवायचं कुठे,
मला अजून जमलेलं नाही.

नवल असं, की हे काही लांबून आलेलं नाही.
लाजरस आजोबा आणि लिंबाजी आजोबा सख्खे भाऊ.
एकाने कपाळावर पाणी घेतलं,
दुसरा पांढरं नेसून नागपूरहून परत आला.
मधे एकच भिंत, कच्च्या विटांची.
इकडे येशूच्या हृदयाच्या फोटोला खिळा ठोकला
की तिकडे गिलावा पडायचा
आणि विमलकाकू ओरडायची,
"आरं हळू, बुद्ध हलायलेत!"
दोघं पाठीला पाठ लावून तिथेच होते.
मीच गाडीभाडं भरून इतक्या लांब गेले.

सहाव्या रात्री, सवयीने,
अंगठा तर्जनीवरून सरकला.
मणी नव्हता. तरी मोजत होता.
मी त्याला थांबवलं नाही.
गुरुजींनाही सांगितलं नाही.

परतल्यावर छावणीतल्या चर्चमध्ये पापनिवेदनाला गेले.
"फादर, दहा दिवस प्रार्थना केली नाही."
"मग काय केलंस?"
"श्वास बघितला."
जाळीपलीकडे बराच वेळ फक्त फादर बर्नार्डांचा श्वास.
घाटीत बावीस वर्षं नर्स आहे मी.
दमा. घरघर उजवीकडे जास्त.
शेवटी म्हणाले, "मला तर तो रोज बघावाच लागतो."
प्रायश्चित्त दिलं : एकच 'हे आमच्या बापा'.
"पण सावकाश. तुम्ही सगळे फार पळवता ती."
मी म्हटलं, पंप वेळेवर घेत जा, फादर.
ते म्हणाले, आमेन.

मायला पटलेलं नाही.
"डोळे झाकून कामून बसायलीस? कोणाशी बोलायलीस?"
कोणाशीच नाही.
"मंग तो एकटाच बसलाय का तिथं, तुझी वाट बघत?"
याला उत्तर देता येईना.
भाकरी थापत होती ती. पुढची घेतली.

रात्री दोघी एकाच खोलीत.
ती पलंगावर माळ घेऊन, मी खाली, उशी दुमडून.
नमो मरिया, नमो मरिया,
तिसऱ्या दशकात तिचे शब्द जड होतात,
मणी चिमटीत थांबतो, डोकं कलतं,
आणि श्वास तेवढा पुढे चालत राहतो,
उरलेली वीस दशांश माळ जणू त्याच्याकडे सोपवलेली.
मी माझा सोडून तिचा बघते.
हे नियमात बसत नसणार.

माझी माळ आली परत.
चिठ्ठी सोडायची राहून गेली ती राहूनच गेली.
जपताना दहाव्या मण्याशी बोटाला कागद लागतो,
कडा आता मऊ झालेत.
तिथे मी कुणाचं नाव घेत नाही.
एक श्वास. आत, बाहेर.
मग पुढचा मणी.